बावीस फडकी

गेल्या वर्षी मार्चमध्ये ठाण्याच्या एक ताई माझ्याकडे आल्या. पिशवीत त्यांच्या आजीचा एक फोटो होता, जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, तीन पुडांचा डबा होता आणि डब्याच्या खालच्या पुडात घडी घालून ठेवलेली दोन जुनी फडकी. आजीने लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत पंचवीसेक वर्षं खानावळ चालवली. गिरणीतली, बहुतेक मालवण-देवगडकडची माणसं तिच्याकडे जेवायची, कुणी घरी येऊन, कुणी डब्यावर. आजीला अक्षरओळख नव्हती, तरी तिच्या हातून कुणाचा डबा कधी दुसऱ्याला गेला नाही, ही त्या घरात तीन पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट. "आजीचं काहीतरी हाताने केलेलं भिंतीवर असावं," एवढीच ताईंची मागणी होती. तीन घरांसाठी तीन.

मी पुण्यात कापडाचं काम करते. घरातलीच एक खोली, मी आणि सोबत शिवणकाम करणाऱ्या दोघी. आईच्या साड्यांची गोधडी, आजोबांच्या धोतराचं दुपटं अशी कामं नेहमी येतात. त्यांतली बरीच सरळ असतात. हे काम सहा महिने चाललं, एकदा पूर्ण फसलं आणि त्याने माझी काम करायची पद्धत बदलली. म्हणून ते पहिल्यापासून लिहून ठेवते आहे.

आधी थोडं गिरणगावाबद्दल

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. त्यानंतर सव्वाशे वर्षं कोकणातले, साताऱ्या-कोल्हापूरकडचे पुरुष लालबाग, परळ, वरळी, शिवडीत येत राहिले. बायकामुलं गावी, इथे एका गाळ्यात पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारे. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका नसत्या तर एकही साचा, म्हणजे माग, चालला नसता. पैसे पगारानंतर मिळायचे, तोवर वाण्याकडे उधारी आणि त्यावर व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते ह्याच बायकांना त्या व्याजातून सोडवण्यासाठी.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माणसं महिनोन्महिने वाट बघत राहिली, मग एकेक करून गावी गेली. खानावळींची येणी तशीच राहिली. ताईंच्या आजीने संपातही चुली बंद केल्या नाहीत, एवढं मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. त्याचा हिशेब माझ्या समोरच्या फडक्यावर होता, हे मात्र आम्हां दोघींनाही तेव्हा दिसलं नाही.

पहिला नमुना

मी साडेतीन फूट बाय अडीच फुटांची गोधडी करायला घेतली. आजीची दोन जुनी लुगडी ताईंनी दिली होती. त्यांतून चाळीची गॅलरी कापली, मागे गिरणीची चिमणी, खाली शेगडी आणि पाठमोरी बसलेली बाई. वर साखळी टाक्यात 'आजीची खानावळ'. मागचं कापड नवं होतं, म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलं. ही युक्ती सगळेच वापरतात. चहातलं टॅनिन कापडाला धरतं आणि मळकट तपकिरी रंग येतो. तो टिकत मात्र नाही. दोन-चार धुण्यांत कुठे जातो, कुठे राहतो, आणि लोखंडाचा स्पर्श झाला की तिथे काळा डाग पडतो. माझ्या एका गंजक्या टाचणीखाली तसा पडलाही.

तीन आठवड्यांनी फोटो पाठवला. घरच्या ग्रुपवर सगळ्यांना तो फार आवडला. ताई रडल्या. मालवणजवळच्या गावात त्यांची आत्या राहते, आजीची धाकटी मुलगी. संपाच्या वेळी ती वीस वर्षांची होती आणि खानावळीतलं अर्धं काम तिच्या अंगावर होतं. एक जण गावी जाणार होता, त्याच्याबरोबर नमुनाच आत्यांकडे पाठवला. दोन दिवसांनी ताईंनी त्यांचा निरोप जसाच्या तसा मला सांगितला: "बरा केल्यान. चायचो वास येता. पण ह्या खंय वापरूचा?"

तो प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. वापरायचं कुठे, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चिमणी, गॅलरी, शेगडी, पाठमोरी बाई. हे चित्र गिरणगावातल्या कुठल्याही घराच्या भिंतीवर चाललं असतं. ह्या घराची गोष्ट होती न चुकलेल्या डब्यांची, आणि डबा का चुकत नसे याचा एक टाकासुद्धा त्या गोधडीत नव्हता. मी गोष्टीचा देखावा केला होता. आजीच्या हातांनी काय केलं ते मी विचारलंच नव्हतं.

नमुन्याचे पैसे मी घेतले नाहीत. जुना डबा आणि ती दोन फडकी घेऊन एप्रिलअखेर मालवण गाठलं.

आत्यांच्या पडवीत

अशा कामात लोकांना "आजीबद्दल सांगा" म्हटलं की ती प्रेमळ होती, कष्टाळू होती, हाताला चव होती, असं ऐकायला मिळतं. सगळं खरं, पण त्यातून हातात काही येत नाही. त्यामुळे ह्या वेळी मी आत्यांना फक्त हाताचं विचारायचं ठरवलं. सकाळी उठल्यावर पहिलं काय उचलायच्या? डबे कुठे मांडायच्या? भात आधी भरायचा की कालवण? पुसायचं कशाने?

आत्या भराभर बोलायला लागल्या. चारला उठायचं. पाणी यायच्या आधी तांदूळ निवडून झालेले हवेत. डबे भिंतीला लागून, पाळीप्रमाणे. खालच्या पुडात भात, मधल्यात कालवण, वरच्यात भाजी नाहीतर तळलेली मांदेली. पहिल्या पाळीचे डबे पोऱ्या घेऊन जायचा. आणि प्रत्येक डबा फडक्यात बांधलेला, कारण कालवण सांडलं तर दुसऱ्याच्या डब्याला लागायला नको.

"मग कुणाचा कुठला, हे कसं कळायचं?"

आत्यांनी पिशवीतून एक फडकं काढलं, जमिनीवर अंथरलं, डबा मधोमध ठेवला. समोरासमोरचे दोन कोपरे उचलून झाकणावर गाठ मारली. मग उरलेल्या दोघांतला एक कोपरा अलीकडे ओढला, दुसरा त्यावर घेतला आणि शेवटची गाठ घट्ट केली. झाकणाच्या सपाट भागावर, गाठीच्या शेजारी, लाल दोऱ्याचा मासा बरोबर वर आला.

"आयेक वाचूक येय नाय. पण डबो कधी चुकाक नाय."

तो मासा मी महिनाभर पाहिला होता. उलगडलेल्या फडक्यात तो धड कोपऱ्यात नाही, धड मधे नाही, असा कुठेतरी भटकल्यासारखा दिसतो. मी मोजलं होतं, कोपऱ्यापासून साडेपाच इंच. आजीला जागा साधली नसेल, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात डब्याची उंची, तळ आणि झाकण धरून जिथे चिन्ह सपाट बसेल ती तेवढीच जागा होती. फडकं बांधल्याशिवाय ते वाचताच येत नाही. काचेच्या चौकटीत ते कायमचं मुकं राहिलं असतं.

तिथल्या तिथे मी ताईंना फोन लावला आणि भिंतीवरचं काही करायचं नाही, फडकीच करायची, असं सांगितलं. त्या थोड्या खट्टू झाल्या. मी फोनवर पटवायच्या भानगडीत पडले नाही. आत्यांनी डबा बांधतानाचा व्हिडिओ काढून पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला, किती फडकी लागतील विचारायला.

किती?

इथे घरातच दोन मतं होती. ताईंचे बाबा, म्हणजे आजीचे थोरले, तीस म्हणत. आत्या बावीस. वही नव्हतीच, मग ठरवायचं कशावरून?

आत्यांनी डोळे मिटून हाताने हवेत एक रेघ ओढली. फडकी रोज धुवायची, गॅलरीत वाळत घालायची. "एका दोरयेर अकरा. दोन दोरये." दोरीवर तेवढीच मावत. जास्त झाली असती तर तिसरी दोरी लागली असती, आणि तिसरीला गॅलरीत खिळाच नव्हता. बाबांना हे सांगितल्यावर ते मिनिटभर गप्प राहिले आणि म्हणाले, बरोबर, दोनच दोऱ्या होत्या.

मग आत्या दोरीवरून चालत गेल्यासारख्या एकेक फडकं सांगत गेल्या. होडीवरून आलेल्या माणसाचा मासा. कायम रातपाळीला असणाऱ्याचा कंदील. भजनात वाजवणाऱ्याचा मृदंग. पहिल्यांदा आला तेव्हा पावसात निथळत होता, त्याला छत्री. दोघे सख्खे भाऊ होते, त्यांच्या डब्यांवर एक उभी रेघ आणि दोन उभ्या रेघा. गवंडीकाम येणाऱ्याची शिडी. चिन्हं नावावरून पडलेली नव्हती. आजीला त्या माणसात जे पहिलं दिसलं ते तिने टाचलं होतं.

पहिल्या दोरीवरची अकराच्या अकरा आठवली. दुसरीवरची दोन. पुढे आत्या अडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसलो. आणखी एक 'चांदणी असावी' म्हणाल्या, मग स्वतःच ती खोडून टाकली. तेरा नक्की, नऊ नाही.

ताईंच्या धाकट्या भावाने सुचवलं, की उरलेली नऊ आपण साजेशी करून घेऊ, नारळ, कोयती, तुळस, कोकणातलंच काहीतरी. दिसायला छान झाली असती. मी नाही म्हटलं. ती नऊ माणसं होती. त्यांचं चिन्ह आपल्याला आठवत नाही, म्हणून त्यांच्या डब्यावर आपल्या आवडीचा नारळ काढायचा हे मला पटेना. फडकी बावीसच करायची, त्यांतली नऊ कोरी, हा निर्णय तिथेच झाला. सगळ्या कामात माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा.

काळे टाके

मी परत निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही फडकी पडवीच्या कठड्यावर उन्हात पसरली होती. मांजरपाटाचं कापड, पंचवीस इंच चौरस. दोन कडांना कापडाची मूळ किनार, दोन कडा दुमडून शिवलेल्या. म्हणजे कमी पन्ह्याचं, कमी रुंदीचं कापड आणून आडवं फाडलं की किनारीच्या बाजू शिवायची गरज नाही, आणि चिंधी उरत नाही. मधोमध डब्याच्या तळाएवढं फिकट पिवळं वर्तुळ. हळदीचा डाग साबणाने क्षणभर लाल होतो आणि उन्हाने विटत जातो, पण वर्षानुवर्षं रोज पडला तर पुरता जात नाही. चिन्हाचा लाल दोरा भरतकामाचा नव्हता. साचेखात्यातला एक जण गिरणीतून दोऱ्याची उरलीसुरली गुंडी आणून द्यायचा, तो दुपदरी करून आजी वापरायची. अख्खा मासा सात टाक्यांचा. दोन लांब वळणाचे अंगाला, तीन शेपटीला, एक पराला, एक डोळ्याला.

एका शिवलेल्या कडेला काळ्या दोऱ्याचे लहान टाके होते. मी ते शिवण उसवली म्हणून घातलेले समजत होते. त्या तिरप्या उन्हात दिसलं की ते शिवणीत नाहीतच. शिवणीच्या आत, अर्धा इंच सोडून, एका ओळीत, सुटे सुटे. मोजले, अकरा. दुसऱ्या फडक्यावर पाच. आणि अकराच्या ओळीच्या सुरुवातीला आणखी तीन जागी दोरा नव्हता, पण टाक्याएवढ्या लांबीच्या तीन पांढुरक्या रेघा होत्या. तिथे दोरा बराच काळ असला पाहिजे. त्याच्याखालचं कापड बाकीच्या कापडाइतकं पिवळं झालं नव्हतं.

आत्यांना दाखवलं. त्या बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या. एक टाका म्हणजे एका महिन्याचं येणं. "पैसे इले काय उसवूचे."

तीन आले होते. अकरा आले नाहीत.

ताईंना हे माहीत नव्हतं. त्यांच्या बाबांना होतं. मी ठाण्याला त्यांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "हे टाके घालू नका." कारण विचारायच्या आधीच सांगितलं. १९८३ च्या पावसाळ्यानंतर आईने त्यांना वसुलीला गावी पाठवलं होतं. त्यातल्या एकाच्या घरी ते दुपारी पोहोचले. घरात काय परिस्थिती होती ते दिसतच होतं. त्या माणसाच्या बायकोने पान वाढलं. "भात खाल्ला आणि परत आलो. पैशाचं काढलंच नाही. आईला सांगितलं, घरी कुणी नव्हतं." ती माणसं शेजारच्याच गावची, आज त्यांची नातवंडं ह्यांच्या घरी गणपतीला येतात. फडकी चारचौघांत गेली आणि कुणी विचारलं, की काळे टाके कसले, तर काय सांगायचं?

ताईंचं मत नेमकं उलट. आजीने संपात लोकांना उधारीवर जेवू घातलं, ही त्यांच्या दृष्टीने गोष्टीतली सगळ्यांत मोठी गोष्ट, आणि तिचा एकमेव पुरावा ते टाके. दोघांचंही बरोबर होतं. मी पंच व्हायला बसले नव्हते, पण करणारीला कुठेतरी सुई टोचावीच लागते.

शेवटी ठरलं ते असं. ज्या दोन फडक्यांवर काळे टाके प्रत्यक्ष आहेत, त्या दोन्हींच्या नव्या प्रतींवरच ते घालायचे, तेवढेच. बाकीच्या वीस जणांचं येणं होतं की नव्हतं हे आपल्याला माहीत नाही, तर त्यांच्यावर एकही नाही. ती दोन फडकी आत्यांच्या घरी राहतील. त्यांचे फोटो मी कुठे लावणार नाही. हे लिहिताना एक बदल मी केला आहे: काळे टाके असलेल्या फडक्यांवरची खरी चिन्हं वर आलेल्यांपैकी नाहीत. त्यांची म्हणून सांगितलेली चिन्हं मी बदललेली आहेत. बाबांनी हे वाचून होकार दिला आहे.

कापड आणि दोरा

जुनं दिसणारं कापड मी ह्या वेळी शोधलं नाही. कोरा मांजरपाट घेतला. त्यात खळ असते, ती काढल्याशिवाय सुई नीट चालत नाही आणि कापड पुढे आटतं. धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात रात्रभर भिजवलं, दोनदा धुतलं. अठ्ठावीस इंचांची पट्टी सव्वापंचवीसवर आली. त्याप्रमाणे बाकीचं फाडलं. कात्रीने कापलं नाही, कारण फाडलेलं कापड धाग्याला धरून सरळ जातं. आजीच्या फडक्यांसारखा अरुंद पन्हा मला मिळाला नाही, म्हणून चारही कडा शिवाव्या लागल्या. किनारीचा तो शहाणपणा माझ्या प्रतींत नाही, आणि ते मला अजून खटकतं.

लाल दोऱ्याने दगा दिला. बाजारात सुटा मिळणारा लाल घेतला, सहा फडकी झाल्यावर एक धुऊन पाहिलं तर माशाभोवती गुलाबी कुंडल. सहाही बाद. त्यानंतरचा प्रत्येक दोरा आधी ओला करून पांढऱ्या कापडात दाबून, वर गरम इस्त्री फिरवून पाहिला. जो डाग सोडत नाही तोच घेतला. हे आधीच करायला हवं होतं, रोज धुवायच्या वस्तूला तर हमखास.

चिन्हांचंही तसंच झालं. मी ती आधी कॉम्प्युटरवर काढली, रेषा सारख्या केल्या. आत्यांना छापून पाठवली. मृदंगाला मी चौदा टाके धरले होते. आत्यांचा फोन: "इतके टाके घालूक आयेक येळ खंय होतो?" मग त्यांनी स्वतः एका जुन्या पंच्यावर तेराही चिन्हं टाचून पोस्टाने पाठवली. एकही दहा टाक्यांच्या वर नव्हतं. मृदंग आठ टाक्यांचा, एका बाजूला जरा बसका. आम्ही तिघींनी ती समोर ठेवून टाका मोजून उतरवली. आमच्या एकीचा हात इतका सफाईचा, की तिच्या छत्र्या फार देखण्या झाल्या. त्या तशाच राहू दिल्या. आजीच्या हाताची थरथर आपण नक्कल करून आणायची नसते, जिचा हात तिचा टाका.

काळ्या टाक्यांच्या वेळी एक पेच आला. पहिल्या फडक्यावर चौदा टाके घालून तीन उसवायचे की थेट अकराच घालायचे? उसवलेल्या जागच्या पांढुरक्या रेघा नव्या कापडावर येणार नाहीत, त्यामागे वर्षांची हळद आहे. रंगाने आणणं म्हणजे पुन्हा चहात बुडवणंच. मी चौदा टाके घातले आणि फडकं आत्यांकडे पाठवलं. तीन त्यांनी उसवले. सुईची भोकं पहिल्या धुण्यात मिटली. आता तिथे काहीच दिसत नाही, फक्त ओळ सुरू होण्याआधी थोडी जागा जास्त सुटली आहे.

बावीस फडक्यांना, बाद झालेली सहा धरून, आम्हां तिघींचे मिळून साधारण सत्तर तास गेले. कापडाचा आणि दोऱ्याचा खर्च त्या मानाने किरकोळ. मी हिशेब तासांवर लावला आणि सहा बाद फडक्यांचे तास धरले नाहीत. फडक्यांसोबत एक अर्ध्या पानाचा कागद दिला. त्यात कोपरे कुठल्या क्रमाने बांधायचे आणि कुठलं फडकं कुणाचं होतं ते तेरांपुरतं, नावं न घालता. कोऱ्या नवांबद्दल एकच ओळ: ही दुसऱ्या दोरीवरची.

गणपती

फडकी भाद्रपदात गावच्या घरी पोहोचली. मला बोलावलं होतं, म्हणून पाहता आलं. आत्यांनी गॅलरीसारख्या दोन दोऱ्या पडवीत बांधल्या आणि फडकी जुन्या क्रमाने वाळत घातली. पहिल्या दोरीवर अकरा चिन्हं, दुसरीवर दोन आणि मग पांढरं कापड. येणारेजाणारे पांढऱ्या फडक्यांपाशीच जास्त थांबत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांतल्या एकापाशी उभं राहून विचारलं, ह्यावर काही होतं का? आत्या म्हणाल्या, होतं, पण मला आठवत नाही. ते बराच वेळ तिथेच उभे होते. पुढे काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

ताईंच्या बाबांनी त्या दोन फडक्यांना हात लावला नाही. निघताना मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन, तीन टाके कुणी उसवले ते विचारलं. आत्यांनी, म्हटल्यावर मान हलवली.

ताईंच्या धाकट्या भावाने त्याच्या वाटचं एक फडकं काचेत बसवून घेतलं आहे. मला वाईट वाटलं, ते त्याला सांगितलंही. पण फडकं त्याचं आहे. बाकीची वापरात आहेत. ठाण्याच्या ताईंच्या छत्रीच्या फडक्यावर हळदीचा पहिला डाग पडला तेव्हा त्यांनी घाबरून फोन केला. ब्लीच लावू नका, साबणाने धुवा, लाल झालं तर घाबरू नका, उन्हात टाका, एवढंच सांगितलं.

कल्याणचा एक पुतण्या रोज लोकलने नोकरीवर जातो, डबा घेऊन. त्याने विसर्जनाच्या आदल्या दिवशी आत्यांकडे कोऱ्यांपैकी एक मागितलं, त्यावर स्वतःचं चिन्ह हवं होतं. आत्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"ही नऊ तेंची. तुका नवा फडका आण."

माझ्या पिशवीत जादाचं एक होतं, ते मी दिलं. आत्यांनी त्याला समोर बसवलं. काम काय करतंस, विचारलं. तो सांगायला लागला, त्यांना ते नीट कळलं नाही, आणि त्यांनी मधेच हात वर करून त्याला थांबवलं. त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. तो लहानपणापासून डावखुरा आहे. त्यांनी कोपऱ्यापासून साडेपाच इंच बोटांनीच मापले आणि सहा टाक्यांत एक पंजा टाचला, अंगठा उजवीकडे.

तेविसावं फडकं दोन दोऱ्यांवर मावेना. तो ते घडी करून खिशात घालून गेला.